अळणी

मोतीबिंदू काढायला वडील नाशकात आले
आणि आठव्याच दिवशी, डोळ्यांवर हिरवा चष्मा,
म्हणाले, तुमचो धक्को दाखव.
फोनवर फुशारकी मीच मारली होती:
आमच्याकडेही झालाय आता एक, धरणावर.

गंगापूर रोड संपत आला की द्राक्षबागा,
मग एक कमान, पार्किंगची पावती,
उकडलेल्या मक्याचा ठेला,
आणि निळ्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा
पाण्यावर तरंगणारा,
पाऊल टाकलं की दचकणारा
तो.
इथे त्याला जेट्टी म्हणतात.

वडिलांनी चपला काढल्या.
भक्तीने नव्हे. ओल्या धक्क्यावर अनवाणी चालायचं
ही अठ्ठावीस वर्षांची सवय.
विजयदुर्गाला बोट लागायची तेव्हा
फेकलेला दोर झेलणारे ते.
टेबलफॅन, नवी नवरी, मुंबईत आजारी पडलेला भाचा,
गावात जे जे आलं ते आधी
त्यांच्या हातांच्या घट्ट्यांसमोरून आलं.
मग डांबरी रस्ता झाला, बोट बंद पडली,
धक्का तिथेच बसून राहिला
पंगत उठली तरी न उठलेल्या पाहुण्यासारखा.

वाकू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं.
वाकले. बोट बुडवलं, जिभेला लावलं.
"अळणी," म्हणाले,
आईच्या आमटीला म्हणायचे त्याच आवाजात.
मग दोराकडे गेले. "अशी बांधतत?"
लाइफ जॅकेटं वाळत घालणारा लहानू बेंडकोळी
हसला, बाजूला झाला.
वडिलांनी गाठ सोडली, पुन्हा मारली,
बघायची गरज पडली नाही,
हात बोलत होते आपसात.

"खंय जाता ह्यो?"
कुठं नाही बाबा, लहानू म्हणाला,
माणशी दीडशे, वीस मिनिटं,
त्या टेकाडापासून परत.
एक जॅकेट पिळून झाल्यावर म्हणाला,
वाट जायची पण. हिच्या खालूनच.
आजा बैल घेऊन पलीकडच्या बाजाराला निघायचा.
धरण भरलं त्या साली वाट पाण्यात शिरली,
तिकडून काही निघाली नाही अजून.

दोघं बसून राहिले.
मी मका आणला, तो गार झाला.
फोटोसाठी एका पोरीने त्यांना
जरा सरकता का म्हटलं; सरकले.

परतताना वडील: "भरती कधी असता?"
म्हटलं, इथे भरती नाही, आवर्तन असतं.
चंद्राला कोणी विचारत नाही.
खाली मराठवाड्याला किती सोडायचं
यावर बैठका होतात, मोर्चे निघतात,
कागदावर सही पडली की ओहोटी.
त्यांना पटलं. बंदर खात्यातली नोकरी.
"सही म्हटल्यार येळ लागतलो," एवढंच म्हणाले
आणि उरलेला मका खाऊन टाकला.

मे महिन्यात एकटीच गेले.
पाणी दोनशे पावलं मागे सरलेलं.
जेट्टी भेगाळ चिखलावर वाकडी टेकलेली,
मी चढले तरी दचकली नाही.
खाली खरंच वाट होती:
दोन चाकोऱ्या, मध्ये वाळका शेवाळ,
एक तुटका टायर, तो मात्र आमच्या काळातला.
लहानू तिच्यावरून उतरत होता
हातात जेवणाचा डबा, घाई कसली नाही,
पाण्यापर्यंत जाऊन थांबला, बसला, डबा उघडला.

दोर सैल होऊन चिखलात लोळत होता.
गाठ तेवढी सैल नव्हती.

रात्री वडिलांचा फोन.
"इला काय पाणी?"
नाही अजून, म्हटलं.
"गाठ सोडू नको म्हणान सांग त्याका."